वॉकी-टॉकी घेताना : आधी गरज, मग यंत्र

चातुर्मासाची सांगता झाली की साधु-साध्वींचे विहार सुरू होतात. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी ही आचार्यसम्राट आनंदऋषिजी महाराजांची जन्मभूमी आणि अहिल्यानगर शहर ही त्यांची समाधिभूमी. साहजिकच जिल्ह्यातील रस्त्यांवर वर्षाचा बराच काळ विहार चालू असतो. कार्तिकानंतरच्या दिवसांत पहाटेचे धुके, उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर आणि भरधाव मालमोटारी यांमधून सतीवृंद कडेने चालत असतो. पुढचा श्रावक वळणापलीकडे, मागची गाडी बरीच दूर. अशा वेळी ‘मागून ट्रक येतो आहे, कडेला व्हा’ एवढा निरोप चार सेकंदांत पोहोचण्याला फार मोल असते. मोबाइलवर क्रमांक शोधून समोरच्याने उचलेपर्यंत तो क्षण निघून जातो.

वॉकी-टॉकीचा खरा गुण हाच आहे. बटण दाबले की गटातील सर्वांना एकाच वेळी ऐकू जाते. त्यासाठी ना सिमकार्ड लागते, ना मोबाइलचा मनोरा. यंत्र अर्थातच श्रावकाच्या हाती असावे. साधुचर्येला त्याचा स्पर्श नको. हीच सोय आडते बाजारातील पेढी आणि मार्केट यार्डातील गोदाम यांच्यात, घोडेगावच्या कांदा बाजारात लिलावाच्या गर्दीत किंवा वरघोड्याच्या व्यवस्थेत उपयोगी पडते. मात्र या सर्वांना एकच यंत्र चालेल, असे मानणे चूक ठरते.

पहिला प्रश्न अंतराचा. खोक्यावर ‘१६ किलोमीटर’ असे छापलेले असते. रेडिओलहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. दोन माणसे सपाट, मोकळ्या जमिनीवर उभी असतील तर पृथ्वीच्या गोलाईमुळे अंतराची मर्यादा सुमारे दहा किलोमीटरच्या आसपास येते. झाडे, घरे आणि यंत्राची अल्प शक्ती लक्षात घेता हाताळत्या संचाकडून मोकळ्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटरचीच अपेक्षा धरावी. कापडबाजारातील दगडी भिंतींच्या जुन्या इमारतींत ती आणखी घटते. करंजी घाटात डोंगराची सोंड मध्ये आली की शेजारच्या वळणावरचा आवाजही तुटू शकतो. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून दोन संच मागून घ्यावेत आणि ज्या जागी वापरायचे त्याच जागी चालत जाऊन पाहावे. अर्ध्या दिवसाची ही चाचणी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जाते.

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे आणि व्यापारी कुटुंबांनी येथे विशेष सावध राहावे. परवानगीवाचून बिनतारी यंत्र बाळगणे हा १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा मानला गेला आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही अशा उपकरणासाठी अधिकृत परवानगीची अट आहे. २०१८ च्या नियमांनी मात्र ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना परवान्यातून सूट दिली. सामान्य कुटुंबाला, पेढीला किंवा विहारसेवा मंडळाला हाच मार्ग सोयीचा. संचाला ‘ईटीए’ म्हणजे दूरसंचार विभागाची उपकरण-मान्यता आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. याहून अधिक शक्तीचे वा इतर पट्ट्यांवर चालणारे संच हवे असल्यास त्या विभागाकडून रीतसर परवाना घ्यावा लागतो व त्याचे वार्षिक शुल्कही भरावे लागते.

ऑनलाइन दुकानांत स्वस्त, ‘सर्व पट्ट्यांवर चालणारे’ संच सहज दिसतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता असे संच विकल्याबद्दल तेरा ऑनलाइन विक्री मंचांना नोटिसा दिल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वेही काढली. दुकानात मिळते म्हणजे ते कायदेशीर आहे, असा अर्थ होत नाही. पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या संदेशात अडथळा आला तर त्याची झळ एखाद्या संकटातील माणसाला लागते. अहिंसेचा विचार करणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे. हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा परवाना परीक्षा देऊन मिळतो, पण त्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही.

तिसरा पर्याय सिमकार्डवर चालणाऱ्या संचाचा. त्याला अंतराचे बंधन नाही. श्रीरामपूरचा मालक संगमनेरच्या गाडीशी बोलू शकतो. परंतु दरमहा शुल्क पडते आणि मोबाइलचे जाळे नसेल तेथे तो मुका होतो. अकोले तालुक्यातील डोंगराळ भागात त्यावर विसंबू नये.

उरलेल्या बाबी थोडक्यात. धुळीच्या गोदामासाठी आणि पावसासाठी ‘आयपी’ मानांकन पाहावे; त्यातील पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ‘आयपी ६७’ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास सुरक्षित. पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही वाफेजवळ साधा संच वापरू नये. त्यासाठी स्वतंत्र प्रमाणित संच असतात. ‘प्रायव्हसी कोड’ने दुसऱ्यांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, पण आपले बोलणे गुप्त राहत नाही. म्हणून भाव, रोकड किंवा साध्वीजींच्या रात्रीच्या मुक्कामाचे ठिकाण त्यावर बोलू नये.

हिशेबाचेही पाहावे. खरेदीची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला आकडा. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते; तीच बॅटरी सुटी मिळते का आणि दुरुस्ती जिल्ह्यात होते का, हे आधी विचारावे. पक्के बिल घ्यावे. पेढीच्या वापराचा संच पेढीच्या खात्यात जावा व त्यावरील जीएसटीची वजावट नियमाप्रमाणे घ्यावी. विहारसेवेसाठी घेतलेला संच मंडळाच्या खात्यातच दाखवावा. धर्मकार्याची वस्तू दुकानाच्या खर्चात घालून वजावट घेणे नियमातही बसत नाही आणि शोभतही नाही.

शेवटी मुद्दा संख्येचा आणि शिस्तीचा. छोट्या विहारात पुढे एक, मागे एक आणि गाडीत चालकाशेजारी बसणाऱ्याकडे एक, असे तीन संच पुरतात. चौथा राखीव असावा. त्याहून अधिक संच कपाटातच पडून राहतात आणि न वापरलेली बॅटरी तेथेच खराब होते. या यंत्रावर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले तर कोणाचेच ऐकू येत नाही. म्हणून आधी ऐकावे, मग बटण दाबून क्षणभर थांबावे, मोजके बोलावे आणि बटण सोडावे. ईर्यासमितीने चालणाऱ्यांच्या सेवेसाठी घेतलेले यंत्र भाषासमितीने वापरले, तरच ते ऐन वेळी कामास येईल.