जपानी रेषा आणि आपले देव

काकतीचा एखादा पोरगा मांगा या जपानी चित्रकथांच्या नादाने गावची लेक राणी चन्नम्मा किंवा मारुतिराय रेखाटू लागला, की देवळाच्या कट्ट्यावर नाके मुरडली जातात. म्हणे, परकी रेषा देवास बाटवते! या मंडळींस आम्ही विचारतो, देवघरातील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आल्या कोठून? राजा रविवर्म्याने युरोपीय तैलरंगांची रीत उचलली. १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्याच्या छापखान्यात जर्मन तंत्रज्ञ होते. त्या तसबिरींस आपण हळदकुंकू वाहतोच. जपानच्या युगो साको यांनी राम मोहन यांच्यासह घडविलेला १९९२ चा रामायणपट २०२५ साली येथल्या चित्रगृहांत पुन्हा लागला. प्रभू रामचंद्र बाटले काय? पोरास मात्र आमचे एक सांगणे आहे. नुसते टपोरे डोळे उचलू नकोस. चन्नम्मेचा घोडा काढण्यापूर्वी खरा घोडा चार दिवस न्याहाळ.