वाटेकऱ्यांची गाडी

पुण्यातल्या कितीतरी घरांत परदेशी असलेल्या मुलाच्या येण्याची तारीख ठरली की लगेच दुसरा प्रश्न येतो : मुंबईहून घरी यायचे कसे? लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. तिथे परदेशातून थेट येणारी विमाने बोटांवर मोजण्याइतकीच. त्यामुळे विमान उतरते सहारला, आणि तेही बहुधा मध्यरात्रीनंतर. अर्धे जग ओलांडून आलेल्या माणसाला उरलेले दीडशे किलोमीटर मात्र जड जातात.

पूर्वी या कामासाठी अख्खे घर निघायचे. भाड्याची गाडी, सोबत डबा, थर्मास, एखादा हौशी शेजारी. जुन्या रस्त्याने घाट उतरून मुंबई गाठायची आणि कठड्याला टेकून दाराकडे डोळे लावून बसायचे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, रस्ता सोपा झाला, आणि घरपोच सोडणारी सामायिक टॅक्सी पुणेकरांच्या अंगवळणी पडली. चार अनोळखी माणसे, एक गाडी, भाडे वाटून. मी स्वतः या गाडीने इतक्या वेळा आलो आहे, की तिच्याविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

या गाडीचे गणित आसनांवर नसते, बॅगांवर असते. अमेरिकेहून येणाऱ्याजवळ तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, शिवाय हातातली एक. अशा चार मंडळींच्या आठ बॅगा म्हटल्यावर सात जणांच्या गाडीत चारच माणसे मावतात आणि वर कॅरिअरला दोरी बांधावी लागते. पावसाळ्यात त्यावर ताडपत्री. दुसरे गणित वेळेचे. तासाभराच्या अंतराने उतरणाऱ्यांची मोट बांधायची, म्हणजे जो आधी बाहेर आला तो थांबणार. एखाद्याची बॅग पट्ट्यावर शेवटी आली, की उरलेल्या तिघांनी चहावर चहा प्यायचा.

आणि तिसरे गणित सोडण्याच्या क्रमाचे. खरी भांडणे इथेच होतात. वाकडचा माणूस आधी उतरतो, मग बाणेर, मग कोथरूड. हडपसरच्या माणसाने सगळ्या शहराला साखरझोपेत पाहत शेवटपर्यंत बसून राहायचे. तो विमानतळावरही पहिला आलेला असला, तर त्याच्या वाट्याला दोन्हीकडची शिक्षा येते. यावर उपाय अवघड नाही. गाडी ठरवतानाच ‘आपला क्रम तिसरा किंवा चौथा, साधारण इतका उशीर होईल’ असे स्पष्ट सांगावे आणि शेवटच्याला भाड्यात थोडी सूट द्यावी. वाट पाहायला माणसाची ना नसते. अंधारात ठेवलेले त्याला खपत नाही.

मग स्वतंत्र गाडीच का करू नये, असे आपण म्हणाल. परवडत असेल तर जरूर करावी. पण पुण्याहून आणायला जाणारी गाडी एका बाजूने रिकामी धावते, आणि दोन्ही बाजूंचे पैसे आपणच मोजतो. शिवाय रात्री दोन वाजता एकट्या मुलीने एकट्या चालकासोबत घाट चढण्यापेक्षा सोबत आणखी एखादे कुटुंब असलेले घरच्यांना बरे वाटते. माझ्या एका भाचीला तर औंधच्या एका आजींनी अगदी दारापर्यंत पोचवून, दिवा लागलेला पाहून मगच गाडी हलवायला सांगितले होते. ही सोबत भाड्याच्या पावतीवर कुठे लिहिलेली नसते.

अमेरिकेतही ही पद्धत होती. ‘सुपरशटल’च्या निळ्या व्हॅन लॉस एंजेलिसपासून अनेक शहरांत प्रवाशांना घरोघर सोडत. फोनवरून टॅक्सी मागवण्याची सोय आल्यावर लोकांना वाट पाहणे नकोसे झाले आणि २०१९ च्या अखेरीस त्या कंपनीने आपली ही सेवा थांबवली. पण तिथले बहुतेक प्रवासी आपल्याच शहरात घरी जात असत. इथे मध्ये सह्याद्री आहे. एकट्याने जायचे तर खिशाला चांगलाच चटका बसतो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. संध्याकाळी जाणारी मंडळी मुंबईला सोडायची, वाहनतळावर गाडीतच पाय मुडपून पडायचे आणि पहाटे तीनला येणाऱ्यांना घेऊन निघायचे, असा अनेक चालकांचा दिवस असतो. माणसाच्या डोळ्यांवर सगळ्यांत जास्त झापड येते ती याच वेळी, आणि सरळ, गुळगुळीत रस्ता तर अंगाईच गातो. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ सालचा कायदा होता. त्यात दिवसाचे आठ तास आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असे लिहिले होते. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून सहज सुटत असे. आपण मात्र चौकशी करतो ती भाड्याची आणि एसीची. ‘चालक आज किती वाजल्यापासून गाडीवर आहे?’ हा प्रश्न मी गेली काही वर्षे विचारतो. पलीकडचा माणूस आधी दचकतो, पण उत्तर देतो. पुढच्या आसनावर बसणाऱ्याने झोपू नये, चालकाशी गावाकडच्या चार गोष्टी बोलाव्यात, आणि खालापूरच्या आसपास चहासाठी गाडी थांबवायला लावावी. घरी पोचायला पंधरा मिनिटे उशीर झाला तर आईने केलेला उपमा गार होईल, एवढेच.

आता २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. तो पुण्याला सहारपेक्षा जवळ. परदेशी विमानांची वर्दळ तिकडे वाढेल तसा या गाड्यांचा धंदाही सरकेल. तेव्हा तिथे सामायिक गाड्यांसाठी छप्पर असलेला थांबा, ठळक फलकावर भाडे आणि चालकांना आडवे होता येईल अशी एक खोली, इतके तरी असावे. बाकडी, दिवे आणि न्हाणीघर धरूनही त्याला फार जागा लागणार नाही.