भूत दिसले, मग पुढे काय?



इंग्रज लेखक जोनाथन स्ट्राउड यांची ‘लॉकवुड अँड कंपनी’ ही पाच कादंबऱ्यांची मालिका २०१३ ते २०१७ या काळात प्रसिद्ध झाली. तुमच्यापैकी काहींनी ती वाचली असेल. तिच्यातील लंडनमध्ये भुतांचा सुळसुळाट झाला आहे. पण ती दिसतात व ऐकू येतात ती केवळ मुलांना. मोठेपणी ही शक्ती नाहीशी होते. त्यामुळे रात्रीची सारी जोखीम मुलांवर येते. अशी पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात नकोत, असे काही शिक्षकबंधूंना वाटते. मला ते पटत नाही.

या कथेतील मुले भूत दिसले म्हणून गर्भगळीत होऊन बसत नाहीत. ती तापमापकाने खोलीचे तापमान पाहतात आणि जुनी कागदपत्रे चाळून त्या घराचा इतिहास शोधतात. लोखंडापुढे आणि चांदीपुढे भुतांचे काही चालत नाही, हा नियम मात्र लेखकाने घालून दिलेला आहे, निसर्गाने नव्हे. एवढे ध्यानात ठेवून पुस्तक खुशाल वाचावे.

आता खऱ्या जगातील एक उदाहरण घेऊ. विक टँडी हे इंग्लंडमधील अभियंते एका रात्री प्रयोगशाळेत एकटेच काम करीत होते. त्यांना घाम फुटला, उगाचच भीती वाटू लागली आणि डोळ्यांच्या कडेला एक करडी आकृती दिसली. वळून पाहतात तो ती नाहीशी! दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीच्या खेळातील तलवारीचे पाते दुरुस्तीसाठी व्हाइसमध्ये पकडले. ते आपोआप थरथरू लागले. खोलीच्या मध्यभागी ही थरथर सर्वांत जास्त होती.

खोली सुमारे ९ मीटर लांब होती. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा व त्याला लांबीच्या दुपटीने, म्हणजे १८ ने भागा. उत्तर येते सुमारे १९. सेकंदाला १९ कंपनांचा, आपल्या कानांना ऐकू न येणारा स्थिर तरंग त्या खोलीत निर्माण झाला होता. त्याचे मूळ नव्याने बसवलेल्या पंख्यात सापडले. पंख्याची बैठक बदलताच तो तरंगही गेला. ही हकिकत त्यांनी १९९८ साली शोधनिबंधात मांडली.

पण येथेच थांबू नका. अशा ध्वनीने खरोखर भास होतात काय, हे पुढे इतरांनी प्रयोग करून पाहिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तसा परिणाम आढळला नाही. म्हणजे ‘वैज्ञानिक’ वाटणारे स्पष्टीकरणही तपासावेच लागते!

शेवटी एक कळकळीची विनंती. कथेत आवाज ऐकणारी मुलगी नायिका ठरते. तुमच्या वर्गातील एखादी मैत्रीण किंवा मित्र असे काही सांगू लागला, तर त्याची थट्टा करू नका. त्याला झालेला त्रास खरा असतो. निद्रा अपुरी होणे, ताप, मनावरील ताण, मनाचा आजार अशी त्याची अनेक कारणे असू शकतात. त्याच्या घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लावा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. असे कोठे घडताना दिसले, तर गप्प बसू नका.