आत किती जण आहेत?

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो आणि त्या सप्ताहात ठिकठिकाणी संचलने, प्रात्यक्षिके व भाषणे होतात. या तारखेचा संबंध मुंबईशी आहे. १९४४ साली याच दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेल्या जहाजावर आग लागली, प्रचंड स्फोट झाले आणि आग विझविणारे ६६ जण मृत्युमुखी पडले. केंद्रीय सेवेतील बदल्यांमुळे मी निरनिराळ्या राज्यांत या सप्ताहाचे कार्यक्रम पाहिले आहेत. शौर्याचा गौरव सर्वत्र होतो आणि तो उचितच आहे. परंतु एक साधा प्रशासकीय प्रश्न त्या भाषणांत मला क्वचितच ऐकायला मिळाला. जळत्या इमारतीत शिरलेले जवान नेमके किती, ते कोण, आणि त्यांनी किती वाजेपर्यंत बाहेर यायला हवे, याची नोंद कोण ठेवतो?

हा प्रश्न वरवर कारकुनी वाटेल. प्रत्यक्षात तो जीवनमरणाचा आहे. जवान पाठीवर जी हवा घेऊन आत जातो ती मोजकी असते. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने भरलेली हवा सुमारे १,८०० लिटर होते. मिनिटाला ४० लिटर या हिशेबाने ती ४५ मिनिटे पुरेल. पण जिने चढणारा, पाण्याने भरलेला पाइप ओढणारा माणूस मिनिटाला ६० लिटर हवा घेऊ लागला, की तीच हवा ३० मिनिटांत संपते. त्यातूनही परतीच्या वाटेसाठी काही भाग राखून ठेवावा लागतो. धुरात वेळेचे भान सुटते, हात पसरला तर बोटे दिसत नाहीत. म्हणून हा हिशेब आतल्या माणसावर सोपविता येत नाही. तो बाहेर, स्वच्छ हवेत उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणी तरी करायला हवा.

ब्रिटनने हा धडा प्राणांचे मोल देऊन घेतला. जानेवारी १९५८ मध्ये लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराच्या तळघरांना आग लागली. त्या भुलभुलैयासारख्या तळघरांत वाट चुकून दोन अग्निशामकांचा अंत झाला. त्यानंतर तेथे प्रवेश-नियंत्रणाची पद्धत दृढ झाली. प्रत्येक श्वसनयंत्राला एक बिल्ला असतो. आत जाताना जवान तो बिल्ला दाराशी उभ्या असलेल्या नियंत्रकाकडे देतो. त्यावर नाव, सिलिंडरमधील दाब आणि आत जाण्याची वेळ लिहिलेली असते. नियंत्रक तो फळ्यावर लावतो, परतीची वेळ काढून शेजारी लिहितो आणि ती टळली की मदतीसाठी पथक पाठवितो. बाहेर आलेला जवान आपला बिल्ला परत घेतो. फळ्यावर बिल्ला शिल्लक आहे, याचा अर्थ माणूस आत आहे. एक फळा, एक घड्याळ आणि दुसरे कोणतेही काम न दिलेला एक माणूस एवढाच या व्यवस्थेचा खर्च.

अमेरिकेतील वूस्टर शहरातील घटना याच्या पुढची पायरी दाखविते. ३ डिसेंबर १९९९ रोजी तेथे एका ओसाड, जवळजवळ बिनखिडक्यांच्या शीतगृहाला आग लागली. आत निराधार माणसे असावीत या समजुतीने दोन जवान शोधासाठी गेले आणि हरवले. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी आणखी चार जण परतले नाहीत. आपल्या सहकाऱ्यांसाठी आत शिरू पाहणाऱ्या बाकीच्यांना शेवटी घटनास्थळीच्या प्रमुखाने दाराशीच अडविले. ज्यांच्यासाठी हे सारे झाले ती माणसे आग लागल्यावर केव्हाच निघून गेली होती. या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. आत कोण आहे याची खात्रीलायक माहिती नसेल, तर धैर्यच धोक्याचे कारण होते. आणि दारावरच्या माणसाला केवळ मोजण्याचा नव्हे, थांबविण्याचाही अधिकार असावा लागतो.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ अग्निशामक गेले. पहिले विमान आदळले ती वेळ पाळी बदलण्याच्या सुमाराची होती. पाळी संपलेले अनेक जण घरी न जाता बंबांवर चढले. कर्तव्यनिष्ठेचे याहून मोठे उदाहरण नसेल. पण यादीत नसलेला माणूस बेपत्ता झाला, तर त्याला शोधायचे हेच मुळात कळत नाही.

आता आपल्याकडे येऊ. ८ मार्च २०२१ रोजी कोलकात्याच्या स्ट्रँड रोडवरील रेल्वेच्या बहुमजली कार्यालयात वरच्या मजल्यावर आग लागली. नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यांत चार अग्निशामक होते, तसेच पोलीस व रेल्वेचे कर्मचारीही होते. मृतांपैकी अनेक जण लिफ्टमध्ये सापडले. आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये, ही सूचना आपण सर्वांनी वाचलेली असते. मला येथे वेगळा मुद्दा मांडायचा आहे. निरनिराळ्या खात्यांची माणसे एकाच जळत्या इमारतीत वर जातात, तेव्हा त्या सर्वांना मिळून एकच दार आणि एकच यादी असावी लागते. आपल्याकडे प्रत्येक खात्याचा हजेरीपट स्वतंत्र असतो आणि तो कार्यालयात असतो. घटनास्थळी सर्वांची मिळून बेरीज करणारा कुणीच नसेल, तर अशा प्रसंगी कोण कोठे आहे हे दुर्घटनेनंतरच कळते.

मुंबईत ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागून ती कोसळली. त्या दुर्घटनेत दलप्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचे प्राण गेले. अधिकारी आघाडीवर असणे ही त्या दलाची थोर परंपरा आहे. तरीही अशा वेळी मागे, सुरक्षित अंतरावर राहून इमारतीच्या भिंतींकडे आणि घड्याळाकडे पाहणारा, ‘आता सर्वांनी बाहेर या’ असे सांगू शकणारा अधिकारी प्रत्येक मोठ्या आगीत नेमलेला असावा, असे मला वाटते.

नियमांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत एक घटना-प्रमुख आहे, त्याला साहाय्य करणारा सुरक्षा अधिकारी आहे, आलेल्या पथकांनी एका ठिकाणी नोंद करावी अशी व्यवस्थाही आहे. पण राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन सेवा हा नगरपालिकांकडे सोपविता येणारा विषय आहे, आणि बहुतेक नगरपालिकांची आर्थिक स्थिती सर्वांना ठाऊक आहे. बंबावर चार माणसे असताना त्यांतला एक केवळ दाराशी उभा ठेवायचा, हे स्टेशन ऑफिसरला चैनीचे वाटते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात दोन दोष दिसतात. पहिला खर्चाच्या रचनेचा. उंच शिडीची गाडी हा भांडवली खर्च असतो. त्याची निविदा निघते, उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. दारावरचा माणूस हा महसुली खर्च आहे. ते पद वर्षानुवर्षे भरावे लागते आणि ते रिकामे राहिले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आखली, हे स्वागतार्हच होते. तथापि अशा निधीतील शेवटचा रुपया शिडीवर खर्च केल्याने जो लाभ होईल, त्याहून अधिक लाभ तो या पदावर आणि त्याच्या प्रशिक्षणावर खर्च केल्याने होईल, असे माझे मत आहे.

दुसरा दोष प्रोत्साहनाचा आहे आणि तो अधिक खोल आहे. जवानांना आत ठेवून आग विझविणाऱ्या अधिकाऱ्याला पदक मिळते. वेळेवर माघारीचा आदेश देणाऱ्याला मात्र, इमारत जळून गेली की, ‘माघार का घेतली’ असा खुलासा द्यावा लागतो. ज्या आदेशाने माणसे वाचली त्याचा पुरावाच उरत नाही, कारण जे घडले नाही ते फाइलीत येत नाही. अशा स्थितीत कोणता अधिकारी सावध राहील?

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. बंब निघताना त्यावरील प्रत्येकाचे नाव, मग तो कंत्राटी असो वा प्रशिक्षणार्थी, दोन प्रतींत लिहावे. एक प्रत बंबावर ठेवावी, दुसरी घटना-प्रमुखाकडे द्यावी. खाते कोणतेही असो, इमारतीत शिरणाऱ्या प्रत्येकाची नोंद दाराशी व्हावी. दर वीस मिनिटांनी आणि इमारतीचा भाग ढासळला किंवा माघारीचा आदेश निघाला की लगेच हजेरी घ्यावी. सद्‌हेतूने दिलेल्या माघारीच्या आदेशाबद्दल अधिकाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे राज्यांनी आपल्या अग्निशमन कायद्यात स्पष्ट लिहावे. आणि प्रत्येक मोठ्या आगीच्या चौकशी अहवालात ‘कोणत्या वेळी आत किती जण होते’ हा रकाना सक्तीचा असावा. तो भरावा लागणार हे माहीत असले, की नोंद आपोआप ठेवली जाईल.

यात नागरिकांचाही वाटा आहे. आपण मराठी माणसे आज दिल्ली, बंगळूरू, बडोदा, इंदूर अशा शहरांत बहुमजली संकुलांत राहतो आणि पुष्कळदा तेथील रहिवासी समितीचे कामही पाहतो. वूस्टरचे जवान केवळ समजुतीवर आत गेले होते. आपल्या फाटकावर मजलानिहाय रहिवाशांची, विशेषतः वृद्ध व आजारी व्यक्तींची अद्ययावत यादी असेल, आणि खाली उतरलेल्यांची मोजणी करून ‘चौथ्या मजल्यावरील सर्व जण बाहेर आहेत’ असे बंबाच्या प्रमुखाला कुणी खात्रीने सांगू शकले, तर काही जवानांना त्या मजल्यावर जावेच लागणार नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत वाहनतळाच्या विषयाआधी हा विषय घ्यावा, अशी माझी वाचकांना विनंती आहे.