तोफेचा जयजयकार, गोळ्याचा विसर

२०१९ च्या प्रजासत्ताकदिनी 'के-९ वज्र' ही स्वयंचलित तोफ दिल्लीच्या राजपथावरून दिमाखाने गेली. पोलादी पट्ट्यांवर स्वतःच्या इंजिनाने धावणारी, १५५ मिलिमीटर व्यासाच्या नळीची ही तोफ सुमारे चाळीस किलोमीटरपर्यंत मारा करते. मूळ आराखडा दक्षिण कोरियाचा, बांधणी गुजरातेतील हजिरा येथली. २०१७ साली शंभर तोफांचा करार झाला. २०२४ च्या डिसेंबरात आणखी शंभरांचा झाला. प्रत्येक प्रसंगी भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. या तोफेच्या तोंडी जो गोळा जातो, तो घडविणाऱ्या हातांचे छायाचित्र मात्र कोणी काढीत नाही.

वस्तुतः तोफ हे फेकण्याचे यंत्र होय. लक्ष्यावर काम करतो तो गोळा. तापविलेल्या पोलादातून चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या गोळ्याचे पोकळ शरीर घडवितात, कातून काढतात व त्यात सात ते अकरा किलो स्फोटक भरतात. टीएनटी ऐंशी अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ते वितळवून ओतता येते. ते थिजताना आत भेग वा पोकळी राहिली, तर गोळा सुटतानाच्या धक्क्याने तोफेच्या नळीतच फुटण्याची भीती असते. लांब पल्ल्यासाठी गोळ्याच्या बुडाशी जळणारी वडी बसवितात. तिचा वायू मागची निर्वात जागा भरून काढतो व हवेचा अडथळा घटवितो. थोडक्यात, पल्ला जितका लांब, तितका नळीतील दाब अधिक आणि कारागिरीतील चुकीला क्षमा कमी. तोफेवरील जवानाचा जीव शत्रूच्या आधी ओतकाम करणाऱ्या कामगाराच्या हाती असतो.

आता या कामगाराची स्थिती पाहावी. अंबाझरी, भद्रावती, जवाहरनगर, खडकी ही नावे महाराष्ट्राला परकी नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटण्यात आले. कामगार संघटनांनी संपाचा इशारा दिला, तेव्हा सरकारने त्याच वर्षी ३० जूनला अध्यादेश काढून संपच बेकायदा ठरविण्याची सोय केली. नंतरच्या कायद्यात संपात भाग घेणाऱ्यास एक वर्षापर्यंत व चिथावणी देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. कायद्याची मुदत वर्षाचीच होती हे खरे, कंपन्यांची मालकी सरकारकडेच राहिली हेही खरे. परंतु कामगाराला गप्प बसवून निर्णय उरकला गेला, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला व आठ जण मृत्युमुखी पडले.

संरक्षणाच्या कामात संप म्हणजे सैनिकाशी द्रोह, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो जुना आहे. १९१५ साली तोफगोळ्यांच्या टंचाईने हादरलेल्या ब्रिटनने युद्धसाहित्याचा कायदा करून संपावर बंदी घातली. मालकाच्या दाखल्यावाचून नोकरी सोडणाऱ्याला सहा आठवडे दुसरीकडे काम मिळणे बंद केले. टीएनटी हाताळणाऱ्या स्त्रियांची कातडी पिवळी पडली, काहींचे यकृत निकामी होऊन त्या दगावल्या. १ जुलै १९१८ रोजी चिलवेलच्या कारखान्यातील स्फोटात १३४ माणसे गेली. बंदीने तोंडे बंद झाली, स्फोट बंद झाले नाहीत.

युरोपचा ताजा अनुभवही बोलका आहे. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचे वचन दिले. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोहोचले होते. दरम्यान दोन हजार युरोंचा गोळा आठ हजारांवर गेल्याचे नाटोच्या लष्करी समितीचे अध्यक्ष रॉब बाउअर यांनी सांगितले. पैसा होता, कंपन्या होत्या. नव्हते ते चालू कारखाने आणि तयार हात. शांततेच्या काळात नफ्याच्या हिशेबाने जे मोडून टाकले, ते युद्धाच्या काळात चौपट दामानेही वेळेवर उभे राहिले नाही.

म्हणून प्रश्न केवळ वेतनाचा नाही. सदोष मिश्रण ओतण्यास नकार देण्याचा अधिकार ज्याला आहे, तोच कामगार जवानाला निर्दोष गोळा देऊ शकतो. सुरक्षा समित्यांत कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत. प्रत्येक स्फोटाचा चौकशी अहवाल मृतांच्या कुटुंबीयांच्या व कामगारांच्या हाती पडला पाहिजे. स्फोटके भरण्याचे काम कंत्राटी मजुरांवर सोपविता कामा नये. एवढे मान्य करायला सरकारला तोफेइतका खर्च येणार नाही. तोफेपुढे मान तुकविणाऱ्यांनी गोळा भरणाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची तयारी ठेवावी. राष्ट्राचे संरक्षण तेथूनच सुरू होते.