मात्स्यन्याय

भूगोलाच्या तासाला आफ्रिकेचा नकाशा फळ्यावर काढतांना चाड सरोवराचा ठिपका मी निळ्या खडूनें भरीत असें. नायजेरिया, नायजर, चाड व कॅमेरून या चार देशांच्या सीमा तेथें मिळतात, एवढें मुलांकडून पाठ करून घेतलें कीं माझें काम संपे. त्या पाण्याच्या कांठीं माणसें कशीं जगतात, हें ना मीं सांगितलें, ना कोणी विचारलें. ती उणीव आज थोडी भरून काढावी म्हणतों.

सरोवराच्या नैर्ऋत्येस नायजेरियाचा बोर्नो प्रांत आहे. मैदुगुरी ही त्याची राजधानी. २००२ च्या सुमारास महंमद युसुफ नांवाच्या धर्मोपदेशकानें या शहरीं एक पंथ उभा केला. लोक त्यास 'बोको हराम' म्हणूं लागले. पाश्चात्त्य शिक्षण निषिद्ध, असा त्या शब्दांचा साधारण अर्थ. २००९ सालीं या पंथाचा सरकारशीं सशस्त्र संघर्ष झाला. युसुफ पोलिसांच्या ताब्यांत असतांना मारला गेला, आणि जें प्रकरण न्यायासनापुढें जावयाचें तें सूडाच्या हातीं गेलें.

ज्याच्या नांवांतच शिक्षणाचा निषेध, त्याचा घाव शाळेवर पडावा यांत नवल नाहीं. २०१४ च्या एप्रिलांत चिबोक येथें परीक्षेसाठीं जमलेल्या २७६ मुली शाळेंतून पळविल्या गेल्या. युनिसेफनें २०१७ सालीं दिलेल्या आकड्यांप्रमाणें २००९ पासून ईशान्य नायजेरियांत सुमारें २,३०० शिक्षक मारले गेले व १,४०० च्या आसपास शाळा उद्ध्वस्त झाल्या. उभा जन्म खडू हातीं धरलेल्या माणसाला हें वाचून पुढची ओळ वाचवत नाहीं.

परंतु मला विशेष सांगावयाचें तें याहून निराळें. दहशतवादी माणसें मारतो, हें सर्वांस ठाऊक आहे. तो राज्य कसें मारतो, तिकडे लक्ष कमी जातें. आपल्या अर्थशास्त्रकारांनीं अराजकास मात्स्यन्याय म्हटलें आहे: दंडधर नसला म्हणजे मोठा मासा लहान माशास गिळतो. चाड सरोवरावर हा न्याय अक्षरशः कोळ्यांच्याच वांट्यास आला. २०१६ मध्यें बोको हरामांत फूट पडून 'इस्लामिक स्टेट'चें नांव लावणारी शाखा निराळी झाली. ती सरोवराकांठच्या कोळ्यांकडून, गुराख्यांकडून व शेतकऱ्यांकडून कर घेऊं लागली. मनुष्य ज्याला कर देतो त्यालाच, मनांत असो वा नसो, राजा समजूं लागतो.

सरकारनें काय केलें? शत्रूचा पैसा तुटावा म्हणून लष्करानें कांहीं काळ मासळीचा व्यापारच बंद केला. स्फोटकांसाठीं उपयोग होतो म्हणून त्या भागांत युरिया खतावर बंदी आली. हेतु वाईट होता असें कोण म्हणेल? पण खताविना शेत आणि बाजाराविना जाळें घेऊन बसलेल्या गृहस्थानें कोणाकडे पाहावें? एक लुटतो, दुसरा अडवितो, आणि संसार तर रोज चालवावयाचा असतो.

२८ नोव्हेंबर २०२० या दिवशीं बोर्नोंत तेरा वर्षांनंतर प्रथमच स्थानिक संस्थांसाठीं मतदान चाललें होतें. त्याच दिवशीं मैदुगुरीजवळ झबरमारी येथें भाताच्या शेतांत राबणारीं चाळीसहून अधिक माणसें मारली गेलीं. राज्यकारभार आणि अन्न हे विषय आपण निरनिराळ्या पुस्तकांतून शिकवितों. त्या दिवशीं ते एकाच पानावर आले. पुढें जानेवारी २०२१ मध्यें वीज वाहून नेणारी वाट तोडली गेली व मैदुगुरीसारखें मोठें शहर दीर्घकाळ अंधारांत राहिलें. २०२० सालीं तर राज्यपाल झुलूम यांच्या ताफ्यावरही हल्ले झाले. राज्यपालालाच रस्ता सुरक्षित नाहीं, तेथें डॉक्टरानें, मास्तरानें व कारकुनानें खेड्यांत कोणाच्या भरंवशावर राहावें?

जागतिक बँक व युरोपीय संघ यांच्या साहाय्यानें २०१६ सालीं झालेल्या पाहणींत ईशान्य नायजेरियाचें नुकसान सुमारें ९ अब्ज डॉलर भरलें. पडलेल्या भिंती मोजतां येतात. उद्यां बाजार भरेल, शाळेची घंटा होईल, पेरलेलें आपल्याच घरीं येईल, ही खात्री मोजण्याचें माप मात्र कोणापाशीं नाहीं. आणि सारा उद्योगधंदा उभा असतो तो तिच्याच पायावर.

सैन्य नको, असें माझें म्हणणें नाहीं. पण सैन्य फार तर भूमि परत मिळवील. राज्य परत यावयाचें तें न्यायाधीश, मास्तर आणि निर्वेध रस्ता यांच्या पावलांनीं. कर घ्यावा आणि मोबदल्यांत रक्षण द्यावें, हा राजधर्म फार जुना आहे. घरांतील मुलें आफ्रिकेचा नकाशा काढावयास बसलीं, तर त्या निळ्या ठिपक्यापाशीं वडील मंडळींनीं क्षणभर थांबावें, आणि मीं जें सांगितलें नाहीं तें त्यांस सांगावें.