आयता न मिळालेला हक्क

मतासाठी तुरुंगात गेल्या त्या इंग्लंडच्या बायका. आपल्याकडे हा हक्क घटनेने न मागताच दिला, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यातले निम्मे खरे आहे. जात, शिक्षण, मालमत्ता काहीही न पाहता घटनेने प्रत्येक प्रौढाला मत दिले. मात्र 'न मागता' हे दोन शब्द हेराबाई टाटांसारख्या बायकांचे कष्ट पुसून टाकतात.

मुंबईच्या या पारशी बाईंचे लग्न सोळाव्या वर्षी झाले. नवऱ्याने घरी शिक्षक ठेवून त्यांना पुढे शिकवले. १८९८ मध्ये अकोल्यात त्यांची मुलगी मिठन जन्मली. १९११ मध्ये मायलेकी काश्मीरला गेल्या असताना त्यांची सोफिया दुलीप सिंग यांच्याशी गाठ पडली. शिखांच्या शेवटच्या महाराजांची ही मुलगी लंडनमधल्या मताधिकाराच्या चळवळीत होती आणि 'स्त्रियांना मत हवे' असे सांगणारा बिल्ला लावून हिंडत होती. बिल्ल्याविषयीच्या कुतूहलातून बोलणे निघाले आणि हेराबाई या कामात ओढल्या गेल्या. १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली महिलांच्या शिष्टमंडळाने भारतमंत्री माँटेग्यू यांच्यापुढे मताची मागणी मांडली. तरीही मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने पडदा आणि रूढींकडे बोट दाखवून ती फेटाळली. तेव्हा १९१९ मध्ये हेराबाई आणि मिठन थेट लंडनला गेल्या आणि संसदेच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी बाजू मांडली. संसदेने स्वतः निर्णय घेतला नाही, तो प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. मग १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबईच्या कायदेमंडळांनी स्त्रियांवरची बंदी उठवली. निवेदन, साक्ष, ठराव अशा पायऱ्या चढून मिळालेल्या हक्काला आयता कसे म्हणायचे?

यावर एक आक्षेप रास्त आहे. १९२१ चे मत मालमत्तेच्या अटीत अडकलेले होते. गिरणीत राबणारी किंवा शेतात खुरपणारी बाई त्याच्या बाहेरच राहिली. इंग्रजी बोलणाऱ्या सुखवस्तू बायकांची ती लढाई होती, हेही नाकारता येत नाही. पण मालमत्तेची अट पुरुषांनाही होती. 'बाई आहे म्हणून नाही' हा अडसर वेगळा होता आणि तो आधी निघाला. म्हणूनच पुढे सर्वांना मत देण्याचा विचार झाला, तेव्हा बायकांना त्यात धरायचे की नाही, हा वाद पहिल्यापासून घालावा लागला नाही. दुसरा आक्षेप असा की शेवटी कायदेमंडळातल्या पुरुषांनीच हात वर केले. ते खरेच, कारण तिथे हात वर करायला बाई नव्हतीच. त्या हातांपर्यंत प्रश्न नेऊन पोचवला तो बायकांनी.

हा भूतकाळाचा हिशेब आजही महत्त्वाचा आहे. निवडणूक आली की महिला मतदारांचा उल्लेख 'लाभार्थी' म्हणून होतो आणि कोणी त्यांना काय दिले, याच्या जाहिराती लागतात. योजनांना विरोध असण्याचे कारण नाही. गरजूला पैसा मिळालाच पाहिजे. पण मतही कोणीतरी दिलेलेच आहे अशी समजूत असली, की देणाऱ्याचे उपकार मतपेटीतून फेडण्याची अपेक्षाही सहज खपते. मिठन पुढे बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. वकिलाच्या भाषेत सांगायचे, तर हे मत बक्षीसपत्राने आलेले नाही. दावा लावून मिळवलेले आहे. अशा मिळकतीवर देणाऱ्याचा बोजा नसतो.